एकाच घरात कुणाला पटकी, कुणाला नाही? हाफकिन यांनी लस अशी तपासली

आषाढी वारीला सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात लाखो लोक जमतात. एकोणिसाव्या शतकात या गर्दीबरोबर पटकी, म्हणजेच कॉलराही यायचा. परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर तो गावोगावी पोहोचायचा आणि गावकरी मरीआईला साकडं घालायचे.

या रोगावरची लस घेऊन १८९३ मध्ये वाल्देमार हाफकिन भारतात आले. त्यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसातल्या ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीच्या जंतूंपासून लस बनवली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली.

लस सुरक्षित आहे हे दिसलं, पण ती रोग अडवते का? याचं उत्तर कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये मिळालं. १८९४ मध्ये काठालबागान वस्तीत पटकी सुरू झाली. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर १० जण आजारी पडले, त्यातले ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेले होते.

पुढे एकाच घरातल्या लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची तुलना झाली. यामागचा विचार साधा होता. पटकीचे जंतू रुग्णाच्या जुलाबातून बाहेर पडतात आणि पाणी, अन्न किंवा न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या तोंडात जातात. घरातल्या सगळ्यांचं तळं एक, माठ एक, स्वयंपाक एक. म्हणजे धोका जवळपास सारखाच. तरीही लस घेतलेले बचावत असतील, तर श्रेय लशीकडे जातं.

१८९६ मध्ये प्लेगच्या साथीमुळे हाफकिन मुंबईत आले आणि १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लसही त्यांनी आधी स्वतःला टोचली. पुढे पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लशीनंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. निर्दोष ठरायला कित्येक वर्षं गेली. १९३० मध्ये लोझान इथे त्यांचं निधन झालं. परळमधल्या त्यांच्या संस्थेला १९२५ मध्येच त्यांचं नाव दिलं होतं.

पुढे पंढरपूरच्या यात्रेकरूंनाही पटकीची लस टोचली जाऊ लागली. पण तिचं संरक्षण थोडेच महिने टिकायचं. त्यामुळे घरात कुणाला जुलाब लागले, तर पाणी उकळून पिणं, माठात हात न बुडवणं आणि रुग्णाची सेवा केल्यावर साबणाने हात धुणं, हेच आजही बाकीच्यांना वाचवतं.