विश्लेषण : वासुदेव बळवंत फडके यांच्या काळातील बंदूक कशी चालायची? तिच्या सुरक्षेचे नियम आजही का लागू पडतात?

खांदा कॉलनीतून पळस्पे फाटा गाठून मुंबई-गोवा महामार्गाला लागले की कर्नाळा किल्ल्याच्या अलीकडे शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. पनवेलच्या नाट्यगृहालाही त्यांचेच नाव आहे. १८७९ मध्ये त्यांनी इंग्रज सत्तेविरुद्ध सशस्त्र बंड केले, त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने शस्त्र बाळगण्यावर परवान्याची सक्ती केली होती. त्यांच्या साथीदारांच्या हाती कोणती शस्त्रे होती, समोर कोणत्या होत्या आणि बंदूक हाताळण्याचे कोणते नियम तेव्हापासून आजपर्यंत टिकले, त्याचा हा आढावा.

फडके शस्त्रांकडे कसे वळले?

फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. घरात पराभवाची आठवण ताजी असताना वासुदेव वाढले. १८५७ च्या उठावाच्या वेळी ते अकरा-बारा वर्षांचे होते. त्या उठावाची ठिणगीही बंदुकीच्या रचनेतूनच पडली होती. नव्या एन्फील्ड रायफलीचे कागदी काडतूस दातांनी फोडून त्यातील दारू नळीत ओतावी लागे आणि त्या कागदाला गाई-डुकराची चरबी लावलेली असल्याच्या बातमीने शिपाई बिथरले.

शिक्षणानंतर फडके यांनी काही ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि अखेर पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून ते स्थिरावले. आई अत्यवस्थ असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते शिरढोणला पोहोचण्याआधीच आई गेली. या घटनेने सरकारी नोकरीविषयीचा त्यांचा राग वाढला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुण्यात ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जाऊ लागले. लहुजींचे वडील राघोजी १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पडले होते. जोतिराव फुले यांनीही ज्यांच्याकडे धडे घेतले त्या लहुजींकडे कुस्ती, दांडपट्टा, तलवार यांबरोबर नेमबाजीही शिकवली जाई. दुसऱ्या पत्नी गोपिकाबाई यांनाही फडके यांनी शस्त्र चालवायला शिकवले, असे सांगितले जाते.

त्या काळची बंदूक कशी चालायची?

गावोगावी तेव्हा ठासणीच्या बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू, मग डगळी आणि गोळी किंवा छर्रे टाकायचे आणि गजाने ठासायचे. बार उडवण्यासाठी बाहेरून ठिणगी द्यावी लागे. ती देण्याच्या पद्धतीवरून बंदुकीचे प्रकार पडले.

तोड्याच्या बंदुकीत सोऱ्यात भिजवलेली, मंद जळणारी वात असे. तिलाच तोडा म्हणतात. चाप दाबला की पेटता तोडा रंजकेवर म्हणजे बाहेरच्या चिमूटभर बारीक दारूवर टेके. ती जाळ पकडे आणि नळीच्या कानातून, म्हणजे छोट्या भोकातून, जाळ आतल्या दारूपर्यंत जाई. चकमकीच्या बंदुकीत तोड्याची जागा गारगोटीने घेतली. टोपीच्या बंदुकीत तांब्याची छोटी टोपी असते. तिच्यात आघाताने पेटणारे रसायन असते. चाप दाबला की घोडा टोपीवर आदळतो आणि बार होतो.

या बंदुकांचे धोके वेगवेगळे होते. तोडा जळता असताना शेजारीच दारूची पिशवी असे. पावसात रंजक भिजली की बंदूक निकामी. नळी बाहेरून सारखीच दिसत असल्याने ती भरलेली आहे की नाही हे विसरून कोणी दुसऱ्यांदा दारू भरली, तर नळी फुटण्याची भीती. म्हणून जाणते लोक गज नळीत सोडून पाहत. गज पूर्ण आत गेला नाही, तर बंदूक भरलेली आहे. टोपीच्या बंदुकीत घोडा अर्धा चढवून ठेवण्याची सोय असते. पण खाच झिजली की घोडा आपोआप सुटतो. त्यामुळे या सोयीवर विसंबणे धोक्याचे.

बंडाच्या आधी कायदा काय झाला?

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. फडके यांनी दुष्काळी भागात फिरून लोकांचे हाल पाहिले. याच सुमारास, १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा आला. शस्त्र बाळगायचे तर सरकारी परवाना हवा, अशी सक्ती झाली. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना मात्र सूट होती. पुढे अनेक वर्षे या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने आवाज उठवला. बंड उभारू पाहणाऱ्यासाठी या कायद्याचा अर्थ सरळ होता. उघडपणे बंदुका जमवणे आता गुन्हा ठरणार होते.

फडके यांनी रामोशी समाजातील लोकांना बरोबर घेतले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला छापा पडला. पैसा जमवायचा, त्यातून माणसे आणि शस्त्रे उभी करायची, असा त्यांचा बेत होता. हाती प्रामुख्याने तलवारी, भाले आणि मिळतील तेवढ्या बंदुका. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पनवेलजवळच्या पळस्पे येथे छापा घातला. परतताना मेजर डॅनियल यांच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले.

समोरची बंदूक वेगळी का होती?

१८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर रायफल स्वीकारली. तिच्यात काडतूस नळीच्या तोंडातून नव्हे, तर मागच्या बाजूने भरतात. मागचे झाकण उघडायचे, काडतूस सरकवायचे, झाकण लावून चाप दाबायचा. दारू, गोळी आणि पेटवणारी टोपी एकाच काडतुसात असल्याने ओतणे, ठासणे, रंजक देणे हे सगळे टळले. सराव झालेला शिपाई मिनिटाला सुमारे दहा गोळ्या झाडू शकत होता, तेही जमिनीवर पडून. ठासणीच्या बंदुकीत मिनिटाला एक-दोन बार म्हणजे खूप झाले, शिवाय भरण्यासाठी बहुधा उभे राहावे लागे. गोऱ्या पलटणींना त्यापुढची मार्टिनी-हेन्री मिळाली. हिंदी पलटणींना एक पिढी मागचे शस्त्र द्यायचे, हे १८५७ नंतरचे धोरण होते. तरीही मुंबई इलाख्यातील हिंदी पलटणींकडे या सुमारास स्नायडर होत्या.

बंड फसण्याला माणसांची व पैशांची चणचण, फितुरी आणि पाठलाग अशी अनेक कारणे होती. बंदुकीतील हे अंतर त्यांपैकी एक. एका बाराला सलग दहा बारांनी उत्तर मिळणार असेल, तर समोरासमोरची लढाई टिकत नाही.

बंडाचा शेवट कसा झाला?

दौलतराव गेल्यावर फडके दक्षिणेकडे श्रीशैलमला गेले. रोहिले आणि अरब यांची नवी फौज उभारण्याचा त्यांचा प्रयत्न होता. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर केले होते. त्यांनीही उलट मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या शिरासाठी इनाम लावले. जुलै १८७९ मध्ये आजच्या कर्नाटकातील देवर नावदगी येथे ते आजारी अवस्थेत झोपलेले असताना मेजर डॅनियल आणि हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका म्हणजेच गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचा बचाव केला. त्यांची स्वतःची रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. जन्मठेपेची शिक्षा होऊन १८८० मध्ये त्यांना एडनला नेण्यात आले. तेथे त्यांनी कोठडीचे दार बिजागरीतून उखडून पलायन केले, पण ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते.

आजच्या बंदुकीत काय बदलले?

तत्त्व तेच आहे. चाप दाबला की आघात होतो, काडतुसाच्या बुडाची टोपी पेटते, दारू जळून वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. बदलले ते भरण्याचे तंत्र. दुनळी बंदूक मधून मोडून काडतुसे भरतात. बोल्टच्या रायफलीत दांडा मागे-पुढे केला की नवे काडतूस आत जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चक्र फिरते. पिस्तुलात मुठीतील मॅगझिनमधून काडतूस वर येते आणि प्रत्येक बारानंतर पुढचे आपोआप भरले जाते.

याच सोयीत मोठा धोका दडलेला आहे. पिस्तुलाचे मॅगझिन काढले म्हणजे ते रिकामे झाले असे नाही. एक काडतूस नळीच्या मागच्या घरात राहिलेले असू शकते. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग वरचा सरकता भाग मागे ओढून घर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. ठासणीच्या नळीत गज सोडून पाहण्याचेच हे आजचे रूप.

सुरक्षेचे मूळ नियम कोणते?

पहिला, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, कोणी रिकामी म्हणून हातात दिली तरी. दुसरा, नळीचे तोंड कधीही माणसाकडे नको. तिसरा, नेम धरून बार करण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवावे. चौथा, समोर नेमके काय आहे आणि त्यामागे काय आहे, हे पाहिल्याशिवाय चाप दाबू नये. बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. दारू उशिराही पेट घेते. घरात बंदूक आणि काडतुसे वेगवेगळी, कुलपात आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

चौथ्या नियमाचे मोल कोकणाला चांगलेच ठाऊक आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर येथे आजही ठासणीच्या बंदुका आहेत. रात्री रानात शिकारीला गेलेल्यांपैकी एखाद्याला जनावर समजून गोळी लागल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. त्यात बंदुकीचा दोष नसतो. झुडूप हलले म्हणून चाप दाबला गेलेला असतो.

परवान्याविषयी आज कायदा काय सांगतो?

१८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात वंशावरून सूट उरली नाही, परवान्याची अट मात्र कायम राहिली. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुकांची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत पाच वर्षे केली. लग्नात किंवा मिरवणुकीत बेपर्वाईने हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वर गेलेली गोळी खाली येतेच आणि दाट वस्तीत ती कोणावर पडेल हे सांगता येत नाही.

खांदा कॉलनीसह पनवेल शहराचा परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. त्यामुळे येथील परवान्याचे अर्ज तिकडेच जातात. निवडणुकीच्या काळात पोलिसांकडून सूचना आल्यास परवानाधारकाला शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. बंदूक विकायची असेल, परवानाधारकाचे निधन झाले असेल किंवा आजोबांची जुनी ठासणीची बंदूक माळ्यावर सापडली असेल, तर ती चालवून पाहू नये आणि स्वतः उचलून नेऊही नये. ती भरलेली असू शकते. तिला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवणे, हा सुरक्षित आणि कायदेशीर मार्ग.