लायसोझाइमचे संशोधक सर अलेक्झांडर फ्लेमिंग

पेनिसिलिनचे जनक म्हणून फ्लेमिंग यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु त्याआधीचा त्यांचा लायसोझाइमचा शोध फारसा कुणाच्या स्मरणात नाही.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. सातव्या वर्षीच पितृछत्र हरपले. तेराव्या वर्षी ते लंडनला भावाकडे आले व पुढे चार वर्षे जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी कारकुनी केली. चुलत्यांच्या वारशाचे २५० पौंड हाती आले, म्हणून १९०१ साली सेंट मेरीज रुग्णालयाच्या महाविद्यालयात प्रवेश घेता आला. होतकरू मुलाला वेळेवर मिळालेला पैसा काय करतो, हे आपल्या संस्थेच्या हितचिंतकांना वेगळे सांगणे नको.

पहिल्या महायुद्धात त्यांना दिसले की, जखमांत ओतलेली तीव्र जंतुनाशके खोलवरच्या जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. उलट शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशीच मारतात. शरीराला अपाय न करणारे जंतुनाशक त्यांना हवे होते. नोव्हेंबर १९२१ मध्ये सर्दी झालेली असताना त्यांनी आपल्याच नाकातील स्राव जंतूंच्या थाळीत टाकला आणि भोवतालचे जंतू विरघळले! हेच द्रव्य अश्रू, लाळ व अंड्याच्या पांढऱ्या बलकातही निघाले. मग डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा करणे सुरू झाले. प्रयोगशाळेतील पोरांना त्याबद्दल काही पेन्स मिळत.

जंतूच्या पेशीभित्तिकेत दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक गुंफलेल्या असतात. लायसोझाइम हे विकर त्यांमधील दुवा तोडते. भिंत खचली की पाणी आत शिरून जंतू फुटतो. पेनिसिलिन मात्र नवी भिंत बांधूच देत नाही.

डिसेंबर १९२१ मध्ये फ्लेमिंग यांनी संशोधकांपुढे निबंध वाचला. एकानेही प्रश्न विचारला नाही. ते वक्ते बेताचेच होते. शिवाय घातक रोगजंतूंवर लायसोझाइमचा प्रभाव पडत नसे, हेही खरे. तरीही हे श्रम वाया गेले नाहीत. ऑक्सफर्डचे फ्लोरी व चेन लायसोझाइमचा अभ्यास करता करताच फ्लेमिंग यांच्या १९२९ च्या पेनिसिलिनवरील निबंधाकडे वळले. १९४५ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचे लंडन येथे निधन झाले. १९६५ साली त्याच शहरात डेव्हिड फिलिप्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने लायसोझाइमच्या रेणूची घडण उलगडली. घडण उलगडलेले ते पहिलेच विकर. शर्करेची साखळी जिथे अडकून तुटते, ती खाच त्यात स्पष्ट दिसली.