घारीच्या मापाने पक्षी ओळखायला शिकवणारे सालिम अली

पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी किंवा रोह्यात कुंडलिकेच्या तीरावर घराच्या गच्चीवरून दिसणारा शिकारी पक्षी नेमका कोणता, हे ठरवताना अनेकांचा हात आजही डॉ. सालिम अली यांच्या ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’कडे जातो. या पक्षितज्ज्ञाच्या आयुष्याला वळण मिळाले ते याच जिल्ह्यात.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सालिम लहानपणीच पोरके झाले. मामांनी त्यांना वाढवले. छर्‍याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखता येईना, म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेसमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची नोकरी उरली नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला आले. बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीचे तासन्‌तास निरीक्षण केले. नर अर्धवट घरटी विणतो, मादी त्यांतून एक पसंत करते आणि मग तो पुढच्या घरट्याकडे वळतो, हा उलगडा त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. बंदुकीपेक्षा नजरेवर भिस्त ठेवणारा हा अभ्यास होता.

१९४१ च्या पुस्तकात हीच नजर त्यांनी सामान्य वाचकाच्या हाती दिली. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार, गिधाड अशा ओळखीच्या पक्ष्यांना त्यांनी आकाराचे माप ठरवले. ही युक्ती साधी, पण तिला तोड नाही. दुभंगलेल्या शेपटीची ती घार. तिच्याहून थोडी लहान, पांढऱ्या डोक्याची, तांबूस अंगाची, गोलसर शेपटीची ती ब्राह्मणी घार. घारीहून मोठा, पोट पांढरे, शेपूट पाचरीसारखी, तो समुद्रगरुड. आणि कबुतराएवढा, आखूड पंखांचा, परसातल्या झाडांतून झपकन निघून जाणारा शिक्रा.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. काम मात्र थांबले नाही. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड १९७४ पर्यंत पूर्ण झाले, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या दशकात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने देशभरातील गिधाडांचा संहार झाला. या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे काही गिधाडे तगली, पण सालिम अलींच्या मापपट्टीतले शेवटचे माप शहरी वाचकाला आता चित्रातच पाहावे लागते.