डिझेल नावाचा माणूस

डिझेल म्हटले की आपल्याला पंप, कॅन आणि काळा धूर आठवतो. पण डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे. मला हे माझ्या एका चुकीमुळे कळले.

यंदा जत्रेला आमच्याकडे पाहुणे आले. त्यांची गाडी लई मोठी आणि उंच होती. गावाच्या अलीकडेच तिच्यातले तेल संपले. काकांनी मला कॅन व पैसे देऊन दादाच्या मोटारसायकलवर पंपावर धाडले. दादाच्या गाडीत पेट्रोल घालतात, म्हणून मी पण पेट्रोलच मागितले. परत आल्यावर ड्रायव्हरकाकांनी टोपण काढून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. ती गाडी डिझेलची होती. पेट्रोल टाकीत पडले असते तर इंजिन बिघडले असते. सगळे हसले. मला रडूच आले.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले, की दोन्ही तेलेच, मग फरक काय? तेव्हा त्यांनी मला रुडॉल्फ डिझेल यांची गोष्ट सांगितली.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी फ्रान्समधील पॅरिस शहरात झाला. आईवडील जर्मन होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवत. घरची गरिबी होती. रुडॉल्फला लहानपणापासून यंत्रे बघायचा नाद होता. १८७० साली फ्रान्स व जर्मनांची लढाई पेटली. जर्मन लोकांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे पोट भरेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्ग गावी नातेवाइकांकडे शिकायला पाठवले. आईवडिलांना सोडून तो एकटा राहिला, पण अभ्यास सोडला नाही.

पुढे तो म्युनिकच्या इंजिनियरिंग कॉलेजात गेला. तिथे लिंडे नावाचे मोठे प्राध्यापक होते. त्यांनी वर्गात सांगितले, की वाफेच्या इंजिनात शंभर भाग उष्णता घातली तर सहा ते दहा भागच कामाला येतात, बाकीची वाया जाते. ही गोष्ट रुडॉल्फच्या मनाला लागली. एवढे वाया जाणार नाही असे इंजिन करायचे, असे त्याने ठरवले. १८७९ साली परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला. पण १८८० साली तीच परीक्षा त्याने उत्तम गुणांनी पास केली.

त्या काळी मोठे वाफेचे इंजिन फक्त श्रीमंत कारखानदारालाच परवडत असे. लहान कारागिराला पण स्वतःचे इंजिन मिळावे, असे डिझेल यांना वाटत होते. १८९३ साली त्यांनी ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिले इंजिन चालवून पाहिले. तेव्हा त्याच्यावर बसवलेले मोजमापाचे उपकरण फुटले आणि तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचले. तरी ते घाबरले नाहीत. चार वर्षे खपून १८९७ साली त्यांनी इंजिन यशस्वी केले. त्यात शंभरातले २६ भाग कामाला येत होते!

आता फरक सांगतो. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? म्हंजे हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात नुसती हवा पंधरा ते वीस पट दाबतात. ती इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच आपोआप भडका होतो. काडी नको न् ठिणगी नको. पेट्रोलचे इंजिन त्याआधीच जर्मनीत निघाले होते. त्यात हवा साधारण दहा पट दाबतात आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवतात. म्हणून एकाचे तेल दुसऱ्याला चालत नाही.

गुरुजी म्हणाले, की पाहुण्यांसारख्या महागड्या मोठ्या गाड्या दोन्ही प्रकारच्या मिळतात. गाडी जड असते. डिझेलचे इंजिन हळू फिरतानाही जोर लावते, म्हणून चढ, चिखल व ओझे यांना ते बरे. तेलही कमी पिते. पण ते वजनाला जड, आवाजाला मोठे आणि किमतीला जास्त. पेट्रोलचे इंजिन हलके असते, गुपचूप चालते आणि झटकन पळते, पण तेल जास्त खाते. डिझेलच्या धुराची काजळी छातीला वाईट असते. त्यामुळे २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली भागात मोठ्या डिझेल मोटारींची नवी नोंदणी काही महिने थांबवली होती. २०१६ साली ती बंदी उठवली.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालले होते. डिझेल यांचे नाव जगभर झाले. पण व्यवहारात ते खोटीत आले व कर्ज झाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ते बोटीने इंग्लंडला निघाले होते. सकाळी त्यांची खोली रिकामी होती. दहा-बारा दिवसांत त्यांचा देह समुद्रात सापडला. हे कसे झाले, याचा उलगडा झालाच नाही. ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारीत त्यांचे इंजिन आले ते नंतर. त्यांना ते पाहायला मिळाले नाही.

आमच्या विहिरीवर आजोबांचे जुने डिझेल इंजिन आहे. लाईट गेली की बाबा हँडल मारून ते सुरू करतात. मागच्या उन्हाळ्यात त्याच्यावरच आमचा ऊस वाचला. डिझेल यांना लहान माणसासाठी इंजिन करायचे होते. ते आमच्या विहिरीपर्यंत आले. आता इंजिन टकटक करू लागले की मला बारा वर्षांचा एकटा रुडॉल्फ आठवतो.

मित्रांनो, चूक झाली तर रडत बसू नका, विचारा. आणि पंपावर गेलात तर आधी गाडी कशाची ते बघा!

— इयत्ता ४ थी