संशयाच्या सावलीतला मित्र : भगवतीचरण व्होरा



दरवर्षी २३ मार्चला आपल्या शाळेत भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्या तसबिरींना हार घातला जातो. गीते होतात, भाषणे होतात. एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले की भगतसिंग जवळजवळ दोन वर्षे तुरुंगात होते, मग बाहेर असलेल्या मित्रांनी त्यांना सोडवायचा प्रयत्न का केला नाही? त्या दिवशी घाईत आम्ही एवढेच सांगितले की प्रयत्न झाला होता, पण तो फसला. घरी गेल्यावर हे उत्तर आम्हालाच अपुरे वाटले. त्या प्रयत्नात ज्याने प्राण दिले त्या माणसाचे नावसुद्धा आम्ही घेतले नव्हते. म्हणून हा लेख.

त्यांचे नाव भगवतीचरण व्होरा. भगतसिंगांना सोडवण्याच्या तयारीत त्यांचा मृत्यू झाला. आणि त्याआधी बराच काळ त्यांच्याच काही सोबत्यांनी त्यांना पोलिसांचा माणूस समजून दूर ठेवले होते.

भगवतीचरणांचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी झाला. घराणे मूळचे गुजरातचे, नागर ब्राह्मण, पण पुढे लाहोरात स्थायिक झालेले. वडील शिवचरण रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि इंग्रज सरकारने त्यांना मानाची पदवीही दिली होती. घरात पैसा होता, लाहोरात स्वतःची घरे होती. लहान वयातच भगवतीचरणांचे लग्न दुर्गावतीदेवींशी झाले. १९२१ साली गांधीजींच्या असहकार आंदोलनात अनेक तरुणांनी सरकारी शिक्षण सोडले, त्यांत भगवतीचरणही होते. पुढे त्यांनी लाहोरच्या नॅशनल कॉलेजात प्रवेश घेतला. लाला लजपतरायांच्या पुढाकाराने निघालेले हे कॉलेज म्हणजे पंजाबातल्या क्रांतिकारकांची शाळाच म्हणावी लागेल. भगतसिंग, सुखदेव, यशपाल हे सारे तिथलेच विद्यार्थी.

या मित्रमंडळात भगवतीचरण वाचनाने आणि विचाराने पुढे होते. १९२६ मध्ये नौजवान भारत सभा निघाली, तेव्हा प्रचाराची जबाबदारी त्यांच्याकडे आली. सभेचा जाहीरनामा लिहिण्यात त्यांचा मोठा वाटा होता. घर सधन आणि मन मोकळे, त्यामुळे कोणाला पैसे हवेत, कोणाला रात्री आसरा हवा, कोणाला नुसते जेवण हवे, तर पावले त्यांच्या घराकडे वळत. भगवतीभाईंची पत्नी म्हणून दुर्गावतीदेवी सगळ्यांच्या दुर्गाभाभी झाल्या. आज बहुतेकांना दुर्गाभाभी आठवतात, भगवतीभाई आठवत नाहीत.

आता दुःखाची गोष्ट सांगायची आहे. याच काळात लाहोरच्या मंडळींत एक कुजबुज सुरू झाली की भगवतीचरण हे सरकारी गुप्तहेर खात्याचे, म्हणजे सीआयडीचे, हस्तक आहेत. ही गोष्ट पसरवण्यात ज्यांचे नाव घेतले जाते ते तरुणांच्या आदराचे एक शिक्षक होते, त्यामुळे तिला वजन आले. पुरावा काहीच नव्हता. होत्या त्या अटकळी. वडिलांना सरकारी पदवी आहे, घरात पैसा आहे, राहणी चांगली आहे, मग हा आपल्यासारख्या फकिरांत कशासाठी येतो? मित्रांनो, ज्या घरात जेवायचे त्या घराच्या सुबत्तेवरच शंका घ्यायची, असा हा प्रकार होता. गुप्तपणे काम करणाऱ्यांना सावध राहावेच लागते, हे आम्ही मान्य करतो. एका फितुरामुळे दहाजण फासावर जाऊ शकतात. पण सावधपणा वेगळा आणि शहानिशा न करता एखाद्याला मनातून उतरवणे वेगळे.

सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात देशातले क्रांतिकारक जमले आणि हिंदुस्तान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशन हे नाव ठरले. मध्यवर्ती समिती निवडली गेली. तिच्यात भगवतीचरण नव्हते. बिहारचे फणींद्रनाथ घोष मात्र होते. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

त्याच वर्षी १७ डिसेंबरला लाहोरात साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा वध झाला. शहराची नाकेबंदी झाली. भगतसिंग आणि राजगुरू यांना बाहेर काढायचे होते. भगवतीचरण तेव्हा कलकत्त्यात होते. सुखदेव मदत मागायला कोणाच्या दारी गेले, तर दुर्गाभाभींच्या. पती घरी नाही, कडेवर तीन वर्षांचा शचींद्र, तरी त्या बाईंनी घरात असलेले पैसे दिले आणि साहेबी वेशातल्या भगतसिंगांची पत्नी म्हणून त्यांच्यासोबत आगगाडीत बसल्या. आपले खेडचे राजगुरू नोकराच्या वेशात होते. कलकत्त्याला पोचल्यावर भगवतीचरण त्यांना भेटले. सांगितले जाते की पत्नीच्या या धाडसाने त्यांना मोठा आनंद झाला. ज्या घरावर संशय होता त्याच घराने संघटनेचे दोन मोहरे वाचवले.

पुढे ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकून स्वतःला अटक करवून घेतली. आठवड्याभरात, १५ एप्रिलला, लाहोरच्या काश्मीर बिल्डिंगमधला बॉम्बचा कारखाना पोलिसांनी पकडला आणि सुखदेव हाती लागले. ती जागा भगवतीचरणांनी भाड्याने घेतलेली होती. त्यांच्या नावे वॉरंट निघाले आणि ते भूमिगत झाले. ज्याला पोलिसांचा माणूस म्हणत होते, त्याला आता पोलीसच शोधत फिरत होते.

मग खटला उभा राहिला आणि माफीचे साक्षीदार पुढे आले. साँडर्सच्या कटात प्रत्यक्ष सामील असलेला जयगोपाल फुटला. आणि मध्यवर्ती समितीत ज्यांना मानाने बसवले होते ते फणींद्रनाथ घोषही फुटले. या दोघांच्या फितुरीचा सोबत्यांना किती संताप होता, हे आपल्या खानदेशातही दिसले. भुसावळला पकडलेले झाशीचे भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर यांचा खटला जळगावला चालला होता. २१ फेब्रुवारी १९३० रोजी तिथे साक्षीला आणलेल्या या दोघांवर माहौरांनी गोळ्या झाडल्या आणि जयगोपाल जखमी झाला.

विचार करा. ज्यांच्यावर विश्वास होता ते सरकारच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ज्याच्यावर संशय होता तो मात्र घरदार सोडून वणवण करत होता.

भगवतीचरणांनी या संशयाला उत्तर कसे दिले, हा आमच्या दृष्टीने या चरित्राचा गाभा आहे. सोबत्यांच्या आठवणींतून दिसते ते असे की त्यांनी सफाई देत फिरण्यात वेळ घालवला नाही. संशय पसरवणाऱ्यांची निंदा केली नाही. रुसून घरीही बसले नाहीत. ते काम करत राहिले. अटकसत्रानंतर विखुरलेली संघटना चंद्रशेखर आझाद पुन्हा उभी करत होते, तेव्हा भगवतीचरण त्यांच्याजवळ आले आणि थोड्याच काळात त्यांचे अत्यंत विश्वासाचे सोबती झाले. २३ डिसेंबर १९२९ रोजी दिल्लीजवळ व्हाइसरॉय आयर्विन यांच्या गाडीखाली बॉम्ब उडवला गेला, त्या योजनेत ते प्रमुख होते. व्हाइसरॉय वाचले. गांधीजींनी आपल्या यंग इंडिया पत्रातून या मार्गावर कठोर टीका केली. तिला उत्तर म्हणून जानेवारी १९३० मध्ये बॉम्बच्या तत्त्वज्ञानावरचे एक पत्रक देशभर वाटले गेले. ते मुख्यतः भगवतीचरणांच्या लेखणीतून उतरले होते. गांधीजी आणि क्रांतिकारक यांच्या मार्गांत कोणाचे बरोबर, हा मोठ्या वर्गातल्या मुलांनी वादसभेत मांडायचा विषय आहे. इथे आम्हाला माणसाबद्दल बोलायचे आहे.

मे १९३० मध्ये सरकारने वटहुकूम काढून लाहोर कटाच्या खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमले. अपिलाची नेहमीची वाट बंद झाली. शिक्षा काय होणार हे उघड होते. तेव्हा आझाद आणि भगवतीचरण यांनी ठरवले की भगतसिंग आणि दत्त यांना तुरुंगातून बाहेर आणतेवेळी पोलिसांवर हल्ला करून सोडवायचे. लाहोरच्या बहावलपूर रोडवर एक बंगला भाड्याने घेतला. बॉम्ब तयार झाले. पण ते नीट फुटतात की नाही हे आधी पाहणे आवश्यक होते. ऐन वेळी बॉम्ब फुटला नाही तर सोडवायला गेलेले आणि सोडवायचे ते, सगळेच मारले गेले असते.

२८ मे १९३० रोजी भगवतीचरण, सुखदेवराज आणि विश्वनाथ वैशंपायन असे तिघे रावी नदीकाठच्या रानात चाचणीसाठी गेले. हे सुखदेवराज म्हणजे तुरुंगातले सुखदेव नव्हेत. वैशंपायन हे झाशीच्या गटातले मराठी तरुण. आपल्या ग्वाल्हेरहून झाशी ती किती लांब! बॉम्बची कळ सैल असल्याचे लक्षात आले होते असे सोबत्यांच्या आठवणींत आहे. तरीही चाचणी पुढे ढकलायला भगवतीचरण तयार नव्हते, कारण दिवस थोडे उरले होते. धोका आहे तर तो आपणच घ्यावा म्हणून त्यांनी बॉम्ब स्वतःच्या हातात घेतला. तो हातातच फुटला. सुखदेवराजांच्या पायाला जखम झाली. भगवतीचरणांच्या जखमा मात्र जीव वाचण्यासारख्या नव्हत्या. बंगल्यावर निरोप पोचून मदत येईपर्यंत उशीर झाला होता. सोबती सांगत की त्या वेदनांतही त्यांचे म्हणणे एकच होते, आपल्या मृत्यूमुळे भगतसिंगांना सोडवायचे काम थांबू नये.

मृतदेह शहरात आणणे शक्य नव्हते. रावीकाठच्या त्या रानातच सोबत्यांनी त्यांना निरोप दिला. दुर्गाभाभींना पतीचे अंत्यदर्शनसुद्धा झाले नाही, आणि मोठ्याने रडायचीही सोय नव्हती, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळले असते. वय अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे.

चारच दिवसांनी, १ जूनला, आझाद आणि सोबती मोटार घेऊन ठरल्या जागी गेले, पण कारवाई न करताच त्यांना परतावे लागले. त्यापाठोपाठ बंगल्यात ठेवलेल्या एका बॉम्बचा आपोआप स्फोट झाला आणि सर्वांना पळ काढावा लागला. योजना तिथेच संपली. २३ मार्च १९३१ रोजी तिघांना फाशी झाली. त्याआधी २७ फेब्रुवारीला अलाहाबादेत आझादही गेले होते.

दुर्गाभाभींनी पुढे काय केले हे आपल्या शाळेने अवश्य जाणून घ्यावे. काही वर्षांनी त्यांनी माँटेसरी पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आणि १९४० साली लखनौत मोजक्या मुलांना घेऊन एक शाळा काढली. ती शाळा वाढली, नावारूपाला आली. १९९९ साली गाझियाबादला त्यांचे निधन झाले.

आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. यशपाल यांचे सिंहावलोकन आणि शिव वर्मा यांच्या आठवणी आम्ही कॉलेजात असताना वाचल्या. तेव्हा बॉम्ब, पिस्तुले आणि वेशांतर यांनीच आम्ही भारावून गेलो होतो. भगवतीचरणांच्या संशयाची पाने आम्ही भराभर उलटली. त्या पानांचा अर्थ आम्हाला शिक्षक झाल्यावर कळला.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या हाताखालच्या एका वर्गात एका मुलाबद्दल अशीच कुजबुज उठली की तो वर्गातल्या गोष्टी ऑफिसात येऊन सांगतो. तसे काहीच नव्हते. त्याचे वडील आमच्या ओळखीचे, एवढाच आधार. मुलांनी त्याच्याशी बोलणे सोडले, त्याच्याजवळ डबा खाणे सोडले. आमच्या कानावर आले तेव्हा आम्ही ते मुलांचे भांडण म्हणून सोडून दिले. वर्गात उभे राहून दोन वाक्ये खरी सांगितली असती तर पुरे होते. वर्ष संपल्यावर तो मुलगा दुसऱ्या शाळेत गेला. ही चूक आमची होती, आणि ती आजही आम्हाला टोचते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की मित्राबद्दल कोणी काही बोलले तर पुरावा विचारा, आणि शक्य असेल तर त्या मित्रालाच विचारा. पालकांना विनंती आहे की घरात बोलताना कोणाच्या मुलावर शिक्का मारू नका, मुले ते शब्द शाळेत आणतात. आणि आम्हा शिक्षकांनी हे विसरू नये की भगवतीचरणांवरचा आळ ज्यांच्या नावाने पसरला तेही शिक्षकच होते. शिक्षकाचा शब्द मुले तपासून घेत नाहीत, तसाच खरा मानतात.

ज्याच्यावर खोटा आळ आला असेल अशा मुलाला मात्र आम्ही भगवतीचरणांकडे पाहायला सांगू. त्यांनी मित्रांवरचा राग मैत्रीवर काढला नाही. त्यांना दूर ठेवणाऱ्या सोबत्यांपैकी कोणी कधी त्यांची क्षमा मागितली की नाही, यावर त्यांचे काम अवलंबून नव्हते.

पुढच्या २३ मार्चला तीन तसबिरींशेजारी चौथी तसबीर ठेवण्याचा आमचा मानस आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी सर्वांसमोर देऊ.