गिडियन मॅन्टेल व इग्वानोडॉनचा शोध

आज प्राथमिक शाळेंतील मुलासही डायनोसॉर हें नांव ठाऊक असतें. परंतु इ. स. १८२० च्या सुमारास हा शब्द कोणत्याही भाषेंत नव्हता. पाला खाऊन जगणारे, हत्तीहूनही लांबलचक असे सरड्यांच्या वर्गांतील प्राणी एके काळीं पृथ्वीवर वावरत होते, असें त्या वेळीं कोणी म्हटलें असतें, तर विद्वानांनींही तें बोलणें हंसण्यावारी नेलें असतें. ही गोष्ट ज्यानें प्रथम ओळखली व पुराव्यानिशीं जगापुढें मांडली, तो कोणत्याही विद्यापीठांतील अध्यापक नव्हता. तो एका लहान शहरांतील शस्त्रवैद्य होता. त्याचें नांव गिडियन अॅल्जर्नन मॅन्टेल. त्याच्या आयुष्यांत यश आहे आणि दुःखही पुष्कळ आहे. दोहोंपासूनही आपणांस शिकण्यासारखें असल्यामुळें त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

इंग्लंडच्या दक्षिण भागांत ससेक्स नांवाचा परगणा आहे. तेथील लुईस ह्या गांवीं ता. ३ फेब्रुवारी १७९० रोजीं गिडियनचा जन्म झाला. त्याच्या बापाचा जोडे तयार करण्याचा धंदा होता. घराणें मेथडिस्ट पंथाचें असल्यामुळें गांवांतील मोफत शाळांची दारें ह्या मुलास बंद होतीं. तेव्हां एका बाईच्या घरगुती शाळेंत व पुढें खासगी शिक्षकांजवळ त्याचें शिक्षण झालें. लुईसच्या भोंवतालीं खडूच्या पांढऱ्या टेंकड्या आहेत. त्या खडूंत पुरातन काळच्या समुद्रांतील शंखशिंपल्यांचे दगड झालेले अवशेष सांपडतात. आपल्याकडे गंडकी नदींतील शाळिग्राम म्हणून ज्यांची पूजा होते, त्याच जातीच्या चक्राकार शंखांचा ह्या मुलास लहानपणींच नाद लागला, आणि तो शेवटपर्यंत सुटला नाहीं.

पंधराव्या वर्षीं मॅन्टेल गांवांतील एका शस्त्रवैद्याकडे उमेदवारीस राहिला. बाटल्या धुण्यापासून औषधाच्या गोळ्या वळण्यापर्यंत सर्व कामें त्यानें केलीं. पांच वर्षांनंतर लंडनच्या सेंट बार्थालोम्यू रुग्णालयांत अभ्यास करून १८११ सालीं त्यानें शस्त्रवैद्याची सनद मिळविली व तो लुईसला परतून आपल्या जुन्या गुरूचाच भागीदार झाला. त्या काळीं देवी, विषमज्वर ह्यांसारख्या सांथी वारंवार येत. एकेका दिवसांत पन्नासांहून अधिक रोगी पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर येई. एवढ्या दगदगींतूनही रात्रीचा व पहाटेचा वेळ काढून तो आपल्या दगडांचा अभ्यास करी. १८१६ सालीं मेरी अॅन वुडहाउस हिच्याशीं त्याचा विवाह झाला. ती चित्रकलेंत निपुण होती. १८२२ सालीं मॅन्टेलनें ससेक्सच्या टेंकड्यांतील जीवाश्मांवर आपला पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांतील बहुतेक चित्रें तिनेंच कोरून तयार केलीं होतीं.

ककफील्ड गांवाजवळच्या खाणींतून रस्त्यासाठीं दगड काढीत. तेथील मजुरांस पैसे देऊन मॅन्टेल मोठमोठीं हाडें मिळवूं लागला होता. अशाच दगडांत त्यास कांहीं विलक्षण दांत मिळाले. एक आख्यायिका अशी आहे कीं, मॅन्टेल एका रोग्याच्या घरीं गेला असतां बाहेर फेऱ्या घालणाऱ्या मेरीस रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगांत पहिला दांत दिसला. मॅन्टेलनें एका ग्रंथांत शोधाचें श्रेय पत्नीस दिलें आहे, व पुष्कळ वर्षांनीं दुसऱ्या ग्रंथांत तें स्वतःकडे घेतलें आहे. दांत प्रथम कोणाच्याही हातीं पडला असो, त्याचा अर्थ लावण्याचें श्रेय मात्र निःसंशय मॅन्टेलचेंच आहे.

त्या दांतांत विलक्षण असें काय होतें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. सुसरी, सरडे इत्यादि सरपटणाऱ्या प्राण्यांचे दांत बहुधा अणकुचीदार असतात. ते भक्ष्य पकडण्याच्या उपयोगी पडतात, चावून बारीक करण्याच्या नव्हे. परंतु हे दांत पानासारखे रुंद असून त्यांचा माथा घासून सपाट झालेला होता. गाय किंवा घोडा ह्यांचे दांत जसे पाला व गवत चघळून झिजतात, तशी ही झीज होती. तेव्हां हा दांत एखाद्या मोठ्या सस्तन प्राण्याचा असावा, असें कोणासही वाटलें असतें. पण मॅन्टेलपुढें अडचण होती ती दगडाची. ते दांत ज्या थरांत मिळाले, तो थर खडूच्याही खालचा, म्हणजे खडूपेक्षां जुना होता. आणि इतक्या जुन्या थरांत मोठ्या सस्तन प्राण्याचें एकही हाड कोणास आढळलें नव्हतें. त्याच थरांत सुसरीचीं व कांसवांचीं हाडें आणि नेच्याच्या जातीच्या वनस्पति मात्र मिळत होत्या. ह्यावरून मॅन्टेलनें अनुमान केलें कीं, हा प्राणी सरड्यांच्या वर्गांतला असून शाकाहारी होता. असा प्राणी तोंपर्यंत कोणाच्या कल्पनेंतही नव्हता.

१८२२ सालीं त्यानें ते दांत लंडन येथील भूगर्भशास्त्र मंडळापुढें ठेवले. बकलंडसारख्या नामांकित पंडितांनीं ते कोणत्या तरी मोठ्या माशाचे अथवा अलीकडच्या काळांतील सस्तन प्राण्याचे असावेत, असें म्हणून विषय बाजूस सारला. फक्त वुलस्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें त्यास धीर दिला. पुढच्या वर्षीं चार्ल्स लायल पॅरिसला जात असतां मॅन्टेलनें एक दांत त्याच्याबरोबर बॅरन क्यूव्हिए ह्याजकडे पाठविला. प्राण्यांच्या हाडांच्या बाबतींत क्यूव्हिएचा शब्द त्या काळीं सर्व युरोपांत अखेरचा मानीत. क्यूव्हिएनें तो गेंड्याचा वरचा दांत ठरविला.

एखाद्यानें येथेंच हात टेंकले असते. मॅन्टेलनें वाद घातला नाहीं आणि आपलें मतही सोडलें नाहीं. तो खाणींतून आणखी दांत मिळवीत राहिला. कांहीं कोंवळे, न झिजलेले, कांहीं अर्धे झिजलेले, कांहीं मुळापर्यंत घासलेले असे निरनिराळ्या वयांचे दांत जमवून त्यानें ते १८२४ सालीं पुन्हां क्यूव्हिएकडे पाठविले. ह्या वेळीं क्यूव्हिएनें कळविलें कीं, हे दांत सरपटणाऱ्या प्राण्याचे असून तो शाकाहारी असणें संभवनीय आहे. आणि आपल्या ग्रंथांतही त्यानें आपली पहिली समजूत चुकीची असल्याचें मोकळेपणानें मान्य केलें. ज्याची कीर्ति सर्व युरोपभर पसरली होती, त्यानें एका खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या वैद्यापुढें आपली चूक कबूल करावी, ह्यांत क्यूव्हिएचाही मोठेपणा आहे.

तथापि मॅन्टेलला जिवंत प्राण्यांतील दाखला हवा होता. १८२४ च्या सप्टेंबर महिन्यांत तो लंडन येथील शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयाच्या संग्रहालयांत गेला व तेथील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्यांशीं आपले दांत ताडून पाहूं लागला. खणामागून खण उघडले, परंतु जुळणारा दांत मिळेना. तेव्हां तेथील साहाय्यक सॅम्युएल स्टचबरी ह्यानें त्यास इग्वानाचा सांगाडा दाखविला. इग्वाना हा अमेरिका खंडांतील, आपल्या घोरपडीएवढा, पण पाला खाऊन राहणारा सरडा आहे. त्याचे दांत आकारानें अगदीं लहान, पण पानासारखे रुंद व कडेला करवतीसारखे कातरलेले, म्हणजे हुबेहूब मॅन्टेलजवळील दांतांचीच लहान प्रतिमा होती. मॅन्टेलनें आपल्या प्राण्यास इग्वानोडॉन, म्हणजे इग्वानाच्या दांताचा, असें नांव दिलें. ता. १० फेब्रुवारी १८२५ रोजीं त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढें वाचण्यांत आला, व त्याच वर्षीं जोडेवाल्याचा हा मुलगा त्या विख्यात संस्थेचा सभासद निवडला गेला.

पुढें १८३१ सालीं मॅन्टेलनें आणखी एक व्यापक विचार मांडला. खडू व त्याखालचे थर ज्या काळीं सांचले, त्या काळीं जमिनीवर, पाण्यांत व आकाशांत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गाचेंच राज्य होतें; मोठे सस्तन प्राणी मागाहून आले. अशा रीतीनें पृथ्वीच्या इतिहासांत सरीसृपांचें एक स्वतंत्र युग होऊन गेलें, असें त्यानें प्रतिपादिलें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, पहिले डायनोसॉर सुमारें २३ कोटि वर्षांपूर्वीं लहान, चपळ प्राण्यांच्या रूपानें उदय पावले. इग्वानोडॉन सुमारें १२ ते १३ कोटि वर्षांपूर्वीं वावरत होता. आणि सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं ते नष्ट झाले, मात्र त्यांच्या एका शाखेपासून झालेले पक्षी अद्याप आपल्या अंगणांत येतात. डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ मॅन्टेलच्या मृत्यूनंतर ७ वर्षांनीं प्रसिद्ध झाला. त्यामुळें ही साखळी मॅन्टेलला पाहतां आली नाहीं. परंतु तिचे कांहीं पहिले दुवे त्यानेंच जमिनींतून वर काढले होते.

१८३२ सालीं त्यास दुसरा एक प्राणी मिळाला. त्याच्या अंगावर हाडांचे कांटे व ढाली होत्या. त्यास त्यानें हायलिओसॉरस हें नांव दिलें. १८३४ सालीं मेडस्टन येथील एका खाणींत सुरुंग उडवितांना इग्वानोडॉनचीं पुष्कळशीं हाडें एकाच शिळेंत आढळलीं. खाणीच्या मालकानें सांगितलेली २५ पौंडांची किंमत मॅन्टेलच्या मित्रांनीं भरली व ती शिळा त्यास भेट दिली. १८३५ सालीं भूगर्भशास्त्र मंडळानें त्यास वुलस्टन पदक अर्पण केलें. तेरा वर्षांपूर्वीं ज्या मंडळांत त्याचे दांत बाजूस सारले गेले, त्याच मंडळानें हा गौरव केला.

परंतु ह्या कीर्तीची किंमत घरास द्यावी लागली, हें लपविणें योग्य नव्हे. १८३३ सालीं तो श्रीमंत लोकांच्या ब्रायटन शहरीं जाऊन राहिला. तेथें त्याचें घर म्हणजे एक संग्रहालयच बनलें. पाहणाऱ्यांची रीघ लागे, प्रवेशाचे पैसे तो वारंवार माफ करी, आणि रोगी मात्र फारसे येत नसत. हाडांनीं खोल्या भरल्या, तसतशी बायकामुलांस जागा उरेनाशी झाली. कर्जापायीं १८३८ सालीं त्यास आपला सर्व संग्रह ब्रिटिश म्यूझियमला ४००० पौंडांस विकावा लागला. पुढच्या वर्षीं मेरी त्यास सोडून गेली. मुलगा वॉल्टर न्यूझीलंडला निघून गेला. १८४० सालीं लाडकी मुलगी हॅना दीर्घ दुखण्यानें मरण पावली. १८४१ सालीं लंडनजवळ क्लॅपहॅम येथें गाडीच्या अपघातांत त्याच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. त्यानंतर एकही दिवस वेदनेवांचून गेला नाहीं.

त्याच सुमारास रिचर्ड ओवेन हा अत्यंत बुद्धिमान शरीरशास्त्रज्ञ पुढें आला. १८४२ सालीं ओवेननें बकलंडचा मेगॅलोसॉरस आणि मॅन्टेलचे इग्वानोडॉन व हायलिओसॉरस ह्या तीन प्राण्यांचा मिळून एक वर्ग केला व त्यास डायनोसॉर असें नांव दिलें. तिघांपैकीं दोघे मॅन्टेलनें शोधलेले असूनही कीर्तीचा मोठा वांटा ओवेनकडे गेला, आणि दोघांत वितुष्ट वाढलें. मॅन्टेलनें अंथरुणावरूनही काम सोडलें नाहीं. सामान्य वाचकांसाठीं त्यानें लिहिलेलीं भूगर्भशास्त्राचीं पुस्तकें घरोघर वाचलीं गेलीं. दूर गेलेल्या मुलानेंही न्यूझीलंडमधून, नष्ट झालेल्या प्रचंड पंखहीन पक्ष्यांचीं हाडें बापाकडे धाडलीं. १८४९ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास पदक दिलें. ता. १० नोव्हेंबर १८५२ रोजीं, वेदना शमविण्यासाठीं घेतलेली अफू अधिक झाल्यामुळें, त्याचें देहावसान झालें. मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हां त्याचा कणा खालच्या भागीं विलक्षण वांकलेला आढळला.

मॅन्टेलचीं सर्वच अनुमानें टिकलीं असें नाहीं. केवळ दांतांच्या प्रमाणावरून त्यानें आपल्या प्राण्याची लांबी ६० फुटांपर्यंत मानली होती; ती प्रत्यक्षांत त्याच्या सुमारें निम्मीच होती. हाडांत मिळालेला एक टोंकदार कांटा त्यानें नाकावरचें शिंग समजून चित्रांत काढला, व लंडन येथें १८५४ सालीं उभारलेल्या सिमेंटच्या मूर्तींत तें शिंग नाकावरच बसविण्यांत आलें. त्या मूर्ति अद्याप तेथें आहेत. पुढें १८७८ सालीं बेल्जमांतील बर्निसार्ट येथें कोळशाच्या खाणींत, जमिनीखालीं हजार फुटांहून अधिक खोलीवर, इग्वानोडॉनचे तिसांहून अधिक सांगाडे मिळाले, तेव्हां कळून आलें कीं तो कांटा हाताच्या अंगठ्याचा होता. उलट, त्या प्राण्याचे पुढचे पाय मागच्यांहून बारीक असावेत, हें आयुष्याच्या अखेरीस मॅन्टेलनें ओळखलें होतें. ओवेननें मात्र त्यास हत्तीसारखा जाड चौपायी कल्पिलें. बर्निसार्टच्या सांगाड्यांनीं ह्या बाबतींत मॅन्टेलची बाजू खरी ठरविली. मेडस्टन शहरानें १९४९ सालीं आपल्या मानचिन्हांत इग्वानोडॉनची आकृति घेतली, आणि त्याच्या जातभाई असलेल्या एका डायनोसॉरास शास्त्रज्ञांनीं मॅन्टेलिसॉरस असें नांव दिलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. थोरांचें मत आपल्या विरुद्ध पडलें असतां मॅन्टेलनें त्यांचा अनादर केला नाहीं. तो पुन्हां खाणीवर गेला व अधिक पुरावा घेऊन आला. ज्ञानाच्या क्षेत्रांत मतभेद मिटविण्याचा हाच मार्ग आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, एवढ्या मोठ्या ध्येयाच्या मागें लागलेल्या त्या पुरुषानें घरांतील माणसांकडे पुरेसें पाहिलें नाहीं, आणि ज्या पत्नीनें त्याच्या पहिल्या ग्रंथाचीं चित्रें कोरलीं, ती त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ नव्हती. त्याच्या चिकाटीचें अनुकरण करावें, आणि त्याच्या एकाकीपणापासून बोध घ्यावा, हेंच त्याच्या चरित्राचें फळ होय.