साडी, ब्लाउज आणि परकर: ही जुळणी करणाऱ्या ज्ञानदानंदिनी देवी

आत परकर, वर ब्लाउज आणि डाव्या खांद्यावर पदर. साडी नेसण्याची ही पद्धत आज इतकी सवयीची आहे की ती कुणी विचार करून जुळवली असेल, असं वाटतही नाही. पण ती घडवण्यात ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांचा मोठा वाटा आहे. आणि याचं थेट कनेक्शन मुंबईशी आहे.

त्यांचा जन्म १८५० चा, जेसोर जिल्ह्यातला. लहानपणीच लग्न होऊन त्या कोलकात्याच्या टागोर घराण्यात आल्या. पती सत्येंद्रनाथ म्हणजे रवींद्रनाथांचे थोरले भाऊ आणि आयसीएस झालेले पहिले भारतीय. १८६४ मध्ये ते मुंबई इलाख्यात रुजू व्हायला निघाले. पत्नीलाही सोबत न्यायचं ठरलं आणि प्रश्न आला, तिनं घालायचं काय?

तेव्हा बंगालमधल्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका अंतःपुरातच असायच्या. अंगावर फक्त एक पातळ साडी. ब्लाउज नाही, परकर नाही. अशा वेशात चारचौघांत जाणार कसं? म्हणजे बाईची वाट पडद्याइतकीच कपड्यांनीही अडवली होती. प्रवासासाठी एका फ्रेंच दुकानातून खास पोशाख शिवून घेतला, पण तो फारच अवघड निघाला.

मुंबईत हे दोघं काही महिने माणेकजी करसेटजी या पारशी सुधारकांच्या घरी राहिले. तिथल्या बायकांची साडी नेसण्याची पद्धत ज्ञानदानंदिनींनी शिकून घेतली आणि आपल्या सोयीनं बदलली. पारशी पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. त्यांनी तो डाव्या खांद्यावर घेतला, त्यामुळे उजवा हात मोकळा राहिला. जोडीला इंग्रजी धाटणीचं जॅकेट, शेमीज आणि परकर. यातला एकही कपडा त्यांनी शोधलेला नव्हता. त्यांची होती ती जुळणी.

पुढे त्यांनी 'बामाबोधिनी पत्रिके'त जाहिरात देऊन ही पद्धत इतर बायकांना शिकवायची तयारी दाखवली. ब्राह्मो समाजातल्या स्त्रियांनी ती उचलली, म्हणून नाव पडलं 'ब्राह्मिका साडी'. त्या व्हाइसरॉयच्या समारंभाला गेल्या, तेव्हा नातलगांतल्या काहींना ते रुचलं नाही. पण त्या थांबल्या नाहीत. १८७७ मध्ये पती सोबत नसताना, लहान मुलांना घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. १८८५ मध्ये त्यांनी 'बालक' हे मुलांचं मासिक सुरू केलं.

१९४१ मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर बंगालमध्ये कितीतरी बायका अशी साडी नेसून शाळा-कॉलेजात आणि सभांना जाऊ लागल्या होत्या.